बरणीवरचं नाव

मसाल्याला पासपोर्ट लागत नाही, माणसाला लागतो. जगाच्या इतिहासातली बरीचशी गंमत आणि बराचसा अन्याय या एवढ्याशा वाक्यात मावतो, असं माझं अलीकडे मत होत चाललं आहे. मिरी, लवंग, जायफळ, मिरची ही मंडळी समुद्र ओलांडून जिथे जिथे गेली तिथे त्यांचं स्वागतच झालं. त्यांना दारात उभं करून कोणी 'तू मूळचा कुठला?' असं विचारलं नाही. स्वयंपाकघरात शिरली आणि चार दिवसांत घरची झाली. ज्या हातांनी ती पिकवली, वाटली, मुरवली, त्या हातांच्या वाट्याला मात्र असं स्वागत क्वचितच आलं.

हा विचार डोक्यात शिरायला निमित्त झालं एका बरणीचं. माझी मुलगी लंडनच्या वायव्येला, वेम्बलीत राहते. निवृत्तीनंतर वर्षाआड दोन-अडीच महिने आम्ही उभयता तिच्याकडे असतो. त्या घरात माझ्याकडे एकच खातं सोपवलेलं आहे, ते म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून दूध, कोथिंबीर आणि वेळेला जे संपलं असेल ते आणणं. दुकानदार गुजराती. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा आईवडिलांचं बोट धरून कंपालाहून आलेला. त्याच्या दुकानाच्या फळ्या वाचत जाणं हा माझा तिथला विरंगुळा आहे. वरच्या फळीवर हळद, धणेपूड, हिंगाच्या डब्या. मधल्या फळीवर पश्चिम आफ्रिकेचं पाम तेल. आणि तळाच्या फळीवर, लोणच्यांना खेटून, लाल-हिरव्या लेबलाची एक काचेची बरणी, 'जमैकन जर्क सीझनिंग'.

सीझनिंग समजलं. पण जर्क? बँकेत तेहतीस वर्षं इंग्रजीत टिपणं लिहिलेल्या माणसाला जर्क म्हणजे हिसका एवढंच ठाऊक. बरणीचा आकार पाहता त्यातून कोणाला हिसका बसेल असं काही वाटत नव्हतं. (तो नंतर बसला. पण ते पुढे.) मी बरणी हातात घेऊन उलटीसुलटी करत होतो, एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एक आजीबाई बोलल्या. पंचाहत्तरीच्या असतील. डोक्यावर छानशी हॅट, हातात पिशवी, वर्ण काळाभोर आणि आवाज खणखणीत. माझ्या पत्नीच्या देखत मला 'डार्लिंग' अशी हाक मारून त्यांनी सांगितलं, की यात वरून मीठ घालायचं नाही, मांसाला चोळून रात्रभर मुरू द्यायचं आणि घाई करायची नाही. त्या मूळच्या जमैकाच्या. नवव्या वर्षी आईबापांकडे लंडनला आल्या आणि सगळं आयुष्य इथल्या इस्पितळांत परिचारिका म्हणून राबल्या. निघताना त्यांनी विचारलं, "इथे राहता, की पाहुणे?" मी म्हटलं, "पाहुणा." तर म्हणाल्या, "तरी कागद जपून ठेवा."

पाककृती सांगता सांगता एखादी बाई कागदपत्रांवर का यावी? दोन्ही गोष्टी एकाच बरणीत आहेत हे मला पुढच्या काही दिवसांत कळत गेलं.

आधी त्या मसाल्याबद्दल. 'जर्क' हा शब्द हिसक्याचा नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत सुकवलेल्या मांसाला 'चार्की' म्हणतात. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला आणि इंग्रजीत येता येता त्याचं 'जर्क' झालं. जमैका बेटाचे मूळ रहिवासी ताइनो. कोलंबस १४९४ साली त्या बेटावर उतरला, आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत रोगराई आणि वेठबिगारी यांनी ताइनो लोक बहुतांशी संपले. राबायला माणसं हवीत म्हणून स्पॅनिशांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. १६५५ साली इंग्रजांनी बेट जिंकलं, त्या धामधुमीत यातले बरेच गुलाम निसटून डोंगरात शिरले. उसाच्या मळ्यांवरून पळालेले इतर त्यांना पुढे मिळत गेले. हेच मरून लोक. शब्दाचं मूळ स्पॅनिश आहे, आणि तो आधी मोकाट सुटलेल्या गुरांसाठी वापरत.

डोंगरात खायचं काय? रानडुक्कर. टिकवायचं कसं? मीठ, मिरची आणि धूर. त्या रानात पिमेंटो नावाचं झाड मुबलक. त्याचं वाळलेलं फळ म्हणजे इंग्रजीतलं ऑलस्पाइस. लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा वास एकाच दाण्यात येतो म्हणून हे नाव. आपल्याकडे काही दुकानांतून ते कबाबचिनी म्हणून खपवतात. पण खरी कबाबचिनी मिरीच्या कुळातली, आणि हे झाड लवंग, जांभूळ आणि पेरू यांच्या गोतातलं. कोकणात, गोव्यात हौशी लोकांच्या परसात ते आता दिसतं, आणि त्याची पानं पुलावात पडतात. तर या झाडाचं ओलं लाकूड निखाऱ्यावर रचायचं, त्यावर मसाला चोळलेलं मांस ठेवायचं आणि वरून झाकायचं. धूर वर दिसला तर गोरे शिपाई माग काढत येतील, म्हणून खड्ड्यात, झाकून, मंद आचेवर शिजवायची ही रीत पडली, असं सांगतात. आजीबाईंनी 'घाई करायची नाही' म्हणून जे बजावलं, त्याच्या मागे हा इतका काळ उभा आहे. चव म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तो एकेकाळचा जिवावरचा सावधपणा होता.

मरून लोकांनी इंग्रजांना इतकं जेरीस आणलं की १७३९ साली इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. त्यांची जमीन आणि त्यांचं स्वातंत्र्य मान्य झालं. मात्र तहात एक कलम असंही होतं की इथून पुढे कोणी गुलाम पळून आला तर मरूनांनी त्याला परत धाडावं. इतिहासातले तह असेच असतात. निम्मे अभिमानाचे आणि निम्मे मान खाली घालायला लावणारे. त्यांची सेनानी नॅनी हिला जमैकाने राष्ट्रवीर मानलं आहे, आणि तिथल्या पाचशे डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे. आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाचं अशा गोष्टीकडे लक्ष जातंच. ज्या बेटावर माणसं विकली गेली, त्याच बेटाच्या नोटेवर पळून जाऊन लढलेल्या बाईचं चित्र असावं, हा हिशेब मला फार समाधानाचा वाटला.

आता कागदांबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामाला माणसं हवी होती. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' या जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे काहीशे लोक लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले, आणि त्यांच्या मागून पुढची पंचवीस वर्षं लोक येत राहिले. बसगाड्या, टपाल, इस्पितळं त्यांनी चालवली. मुलं पुष्कळदा आईबापांच्या पासपोर्टावर आली. त्यांचा वेगळा कागद झालाच नाही. १९७३ च्या आधी आलेल्यांना इथे राहायचा हक्क कायद्यानेच होता, त्यामुळे कोणाला चिंताही नव्हती. पण पुढे नियम आवळत गेले, आणि 'तुम्ही तेव्हापासून इथे आहात याचा पुरावा दाखवा' असं साठी-सत्तरीच्या लोकांना विचारलं जाऊ लागलं. त्यांच्या आगमनाची नोंद असलेल्या चिठ्ठ्या सरकारच्याच गृहखात्याने २०१० साली नष्ट केल्या होत्या. कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधोपचार थांबले, काहींना कोठडीत टाकलं आणि काहींना लहानपणी सोडलेल्या बेटावर परत धाडलं. २०१८ च्या एप्रिलात हे सगळं उघड झालं, गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि २०१९ पासून भरपाईची योजना सुरू झाली.

त्याच २०१८ च्या ऑगस्टात त्याच देशात आणखी एक वाद झाला. जेमी ऑलिव्हर हे तिथले नावाजलेले बल्लवाचार्य. त्यांनी 'पंची जर्क राइस' नावाचं भाताचं तयार पाकीट बाजारात आणलं. त्यात जर्कमधले कित्येक ठरलेले जिन्नस नव्हतेच. शिवाय जर्क हा मुळात मांसाला चोळायचा मसाला आणि ते भाजायची रीत. जर्क भात म्हणजे काहीसं 'तंदुरी सरबत' म्हटल्यासारखं. डॉन बटलर या ब्रेंट भागाच्या खासदार, ज्यांचे आईवडील जमैकाचे, त्यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. जमैकाच्या नावावर दुसऱ्यांनी धंदा करायचा हे थांबलं पाहिजे, असा त्यांचा सूर होता. नाव वापरलं ते प्रेरणा कुठून आली हे सांगण्यासाठीच, असं ऑलिव्हर यांचं म्हणणं. मग दोन्ही बाजूंनी धुरळा उडाला. 'उद्या इंग्रजांनी करी खायची नाही की काय?' इथपासून 'यांनी आमचं सगळंच लुटलं' इथपर्यंत.

वेम्बली याच ब्रेंटमध्ये आहे आणि जमैकन वस्तीचं हार्ल्सडनही याच ब्रेंटमध्ये. मला या वादात दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. का, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. दुसरी भाषा मला नीटशी येत नाही.

बँक म्हणजे काय? दुसऱ्याचा पैसा वापरणारी संस्था. स्वतःचं भांडवल त्यात मिठापुरतं. एकाची ठेव घ्यायची, दुसऱ्याला कर्ज द्यायचं, मधल्या फरकावर पोट भरायचं. दुसऱ्याचं वापरणं हा गुन्हा असता तर जगातली प्रत्येक बँक पहिल्या दिवशी बंद करावी लागली असती. पण या धंद्याचे दोन नियम आहेत आणि ते मोडले की बँकेची पेढीही उरत नाही, दरोडा उरतो. पहिला नियम असा, की खातं कोणाच्या नावावर आहे हे वहीत स्वच्छ लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरा असा, की वापराबद्दल व्याज दिलं पाहिजे. चव, रीत, कारागिरी, शब्द या सगळ्या ठेवी आहेत. त्या वापराव्यात, फिरत राहिल्या तरच त्या वाढतात. पण नाव लिहा आणि व्याज द्या. 'आमच्या मसाल्याला हात लावू नका' म्हणणारा लॉकर मागतो आहे, आणि लॉकरमधली रक्कम वाढत नाही. 'मसाला काय, सगळ्यांचाच' म्हणणारा खातेदाराचं नाव खोडतो आहे.

आता यावर कोणी म्हणेल, हिशेबाला सुरुवात केली तर तुमच्याही घरापर्यंत येईल. येऊ द्या. मी स्वतःच आणतो. आपल्या एकादशीच्या ताटाकडे पाहा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला, रताळं अमेरिकेतलं, आणि खिचडीतली हिरवी मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून हे सगळं आपल्या किनाऱ्याला लागलं. त्याआधी आपला तिखटपणा मिरीवर चालत असे. मिरचीने मिरीचं नाव घेतलं आणि अशी काही मुरली की कोल्हापूरचा तांबडा रस्सा हा अनादि काळापासूनचा आहे अशी आपली समजूत झाली.

आणि या सगळ्यात 'बटाटा' हा शब्द तर थेट त्या बेटांवरचा. ताइनो लोक रताळ्याला 'बताता' म्हणत. स्पॅनिश, पोर्तुगीज अशा तोंडांतून तो फिरत आपल्याकडे आला आणि भलत्याच कंदाला चिकटला. उत्तरेत त्याला आलू म्हणतात. आपण मराठी माणसं मात्र दादरच्या फलाटावर उभं राहून 'एक बटाटवडा द्या' म्हणतो तेव्हा, पाचशे वर्षांपूर्वी चिरडल्या गेलेल्या माणसांचा एक शब्द उच्चारत असतो. ते बिचारे व्याज मागायला येणार नाहीत. पण बँकेत एक पद्धत आहे. दहा वर्षं ज्या ठेवीला कोणी वाली दिसत नाही, ती २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. मात्र ती बुडत नाही. उद्या वारस दारात उभा राहिला तर बँकेला ती द्यावीच लागते. विसरलेल्या ऋणाकडे पाहायची यापेक्षा सभ्य रीत मला माहीत नाही. देणं आज फेडता येत नसेल, पण वहीत ठेवा.

जमैकन लोकांनी निदान एका खात्यात हे केलं आहे. गुलामगिरी १८३८ मध्ये पुरती संपल्यावर मळेवाल्यांना मजूर मिळेनात, तेव्हा १० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून पहिलं जहाज जमैकाला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे छत्तीस हजार हिंदी मजूर करारावर तिथे गेले. त्यांनी नेलेल्या मसाल्यातून बोकडाच्या मटणाची 'करी गोट' झाली, आणि आज ती जमैकाची लाडकी पाककृती आहे. आपला 'गांजा' हा शब्दही तिकडच्या भाषेत तसाच नांदतो आहे. तो वारसा मी इथे अधिक खुलवून सांगत नाही. पण करीला ते करीच म्हणतात, आणि १० मे हा दिवस हिंदी वारशाचा दिवस म्हणून तिथे पाळला जातो. नाव लिहिलेलं आहे.

नाव लिहिण्यासाठी आता कायदेही झाले आहेत. जमैकाने २००४ साली भौगोलिक निर्देशांचा कायदा केला, आणि त्याखाली 'जमैका जर्क' हे नाव नोंदवून घेतलं. आपला कायदा १९९९ चा, २००३ पासून अमलात आला. त्याआधी हळदीच्या प्रकरणाने आपले डोळे उघडले होते. जखमेवर हळद लावायची ही आजीच्या बटव्यातली गोष्ट. तिच्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे नेऊन ते लढवलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. त्या बातमीने बँकेतल्या आम्हा कारकुनांनासुद्धा आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पण नोंदणी झाली म्हणजे काम झालं, असं नाही. हिशेबशास्त्रातला एक नियम मला नोकरीभर टोचत राहिला. एखाद्या धंद्याचा नावलौकिक, ज्याला ताळेबंदात गुडविल म्हणतात, तो धंदेवाल्याने स्वतः कष्टाने कमावला असेल तर मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. तोच धंदा दुसऱ्याने विकत घेतला, की त्या नावलौकिकाची किंमत नव्या मालकाच्या ताळेबंदात दिमाखात झळकते. नियमामागे कारणं आहेत, मला ती ठाऊकही आहेत. पण बचत गटाची एखादी बाई कांदा-लसूण मसाल्याच्या धंद्याला कर्ज मागायला येते, तेव्हा अर्जात यंत्रसामग्रीचा रकाना असतो, मालाच्या साठ्याचा असतो, तारणाचा असतो. तिच्या हाताला जी चव आहे, जिच्यामुळे तीन गावांतून लोक डबे घेऊन तिच्या दारी येतात, तिच्यासाठी रकाना नसतो. तीच चव उद्या मोठ्या कंपनीने उचलली तर तिला 'ब्रँड' म्हणतील आणि कोट्यवधींनी मोजतील. चवीला किंमत नाही असं नाही. ती कोणाच्या हातात आहे यावर किंमत ठरते. म्हणूनच लेव्ही रूट्स या जमैकात जन्मलेल्या लंडनकराची गोष्ट तिकडे इतकी सांगितली जाते. जत्रेत आपला तिखट सॉस विकणारा हा माणूस २००७ साली टीव्हीवर गिटार घेऊन भांडवलदारांपुढे उभा राहिला आणि धंद्यातला चाळीस टक्के हिस्सा देऊन पन्नास हजार पौंड घेऊन गेला. असा एक निघतो. बाकीचे डबे भरत राहतात.

आता आपल्या दुखऱ्या जागेकडे येतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपल्याकडे केवढा संताप झाला! तो योग्यच होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्हींचा मिळून भौगोलिक निर्देशांक आहे. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, आणि डिसेंबरात इथल्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. म्हणजे नाव लिहिलं गेलं आणि व्याजाचं बोलणं सुरू झालं. पण त्या दिवसांत संतापणाऱ्या आपणा सगळ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटत होता. ती चपल ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिवली, त्यांना आपण आपल्या गावात कुठे बसवलं होतं? चपलेला दारापर्यंत मान होता, तेवढाही शिवणाऱ्याला नव्हता. इटलीने आपलं नाव घेतलं नाही म्हणून आपण रागावलो. आपण त्यांची नावं किती घेतली? आज कोल्हापुरातल्या किती कारागिरांची मुलं हे काम पुढे करतील, आणि करावं असं त्यांना का वाटावं?

इथेच त्या आजीबाईंचे कागद आणि बरणी एकत्र येतात. ब्रिटनने जर्क स्वीकारला, दुकानाच्या फळीवर ठेवला, भाताच्या पाकिटावर छापला. आणि तो घेऊन आलेल्या माणसांना सत्तराव्या वर्षी 'पुरावा दाखवा' म्हटलं. आपण चपल स्वीकारली आणि चांभाराला वेशीबाहेर ठेवलं. चव हवी, माणूस नको. माल आत, हात बाहेर. मला वाटतं, जर्क भाताच्या वादात डॉन बटलर यांना जे बोचलं असेल ते हेच. नुसत्या पाकिटाने कोणी इतकं दुखावत नाही. चार महिन्यांपूर्वी ज्यांच्या आयाबापांना उपरं ठरवलं, त्यांच्याच चुलीचं नाव धंद्याला चाललं, हे दुखतं.

याला उपाय नाही असं नाही. तो दाखवणारा राजा त्याच कोल्हापुरात होऊन गेला. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला हॉटेल काढून दिलं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. गाडी त्या हॉटेलापुढे उभी करून ते त्याच्या हातचा चहा पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. नुसतं भांडवल पुरवणं हे बँकेचं काम झालं. सगळ्यांच्या देखत त्याच्या दारी बसून चहा पिणं, हे खरं व्याज. महाराजांना ते कळलं होतं.

माझ्यासारख्या सामान्य गिऱ्हाईकाला एवढं मोठं काही करता येत नाही. पण फळीपुढे उभं राहिल्यावर थोडं करता येतं. मी त्या दुकानात दोन बरण्या समोरासमोर धरून पाहिल्या. एक जमैकात भरलेली. तिच्या लेबलावर पहिला जिन्नस पातीचा कांदा, मग मिरची, पुढे पिमेंटो. दुसरी ब्रिटनमध्येच भरलेली, 'जर्क स्टाइल' असं लिहिलेली, आणि तिचा पहिला जिन्नस साखर. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, एवढं माहीत असलं की लेबल ताळेबंदासारखं वाचता येतं. मी पहिली घेतली. दरात फरक होता तो काही पेनींचा. व्याजाचा दर म्हटला तर अगदीच किरकोळ. पण लाखो खातेदारांचं किरकोळ व्याज मिळूनच बँकेचा नफा-तोटा ठरतो.

रात्रभर मुरवून दुसऱ्या दिवशी मुलीने ते कोंबडीला लावून भट्टीत भाजलं. आधी लवंगेसारखा ओळखीचा वास आला, गोड्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखा. मग थाइमचा अनोळखी, पावसाळी रानासारखा. आणि अर्ध्या मिनिटाने स्कॉच बॉनेट मिरचीने तो राहिलेला हिसका दिला. नात पाणी मागत होती आणि तरीही आणखी वाढून घेत होती. जेवताना मी तिला नॅनीची गोष्ट सांगितली, धुराची सांगितली, कागदांचीही सांगितली. सातव्या वर्षी जेवढं कळेल तेवढं तिला कळलं असेल.

आपल्या हॉटेलांच्या यादीत 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा लालभडक प्रकार असतो, जो कोल्हापूरकराने पाहिला तर ओळखणार नाही. गोव्याच्या घरातलं, व्हिनेगर आणि लसणात मुरलेलं विंदालू ब्रिटनच्या करी हाउसमध्ये नुसती तिखटपणाची पायरी होऊन बसलं आहे. नाव राहतं आणि त्यामागची माणसं गळून जातात, हे असं सगळीकडे चालू आहे. ते थांबवायला न्यायालयं, कायदे, खासदार यांनी आपापलं काम करावं. घरोघरी जे करता येण्यासारखं आहे ते सोपं आहे. मुलांना घास भरवताना तो कोणाचा आहे हे सांगावं. खिचडी वाढताना सांगावं, चपल घेताना सांगावं. आणि त्या घासामागचा माणूस कधी आपल्या दारात आला, तर त्याला कागद विचारण्याआधी पाट मांडावा.